पूर्वपक्षाचं देणं

मला विचार करायला दोन माणसांनी शिकवलं. एक वाईचे शास्त्रीबुवा. दुसऱ्या पुण्यात मला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापिका. त्यांना आम्ही सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत असू. शास्त्रीबुवांना इंग्रजीचा गंध नव्हता. बाईंची सगळी हयात ॲरिस्टॉटल, ह्यूम आणि कांट यांच्या सहवासात गेलेली. संस्कृत त्यांना शाळेपुरतं यायचं. तरी दोघांनी मला एकच गोष्ट दिली. समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते त्याच्यापेक्षाही चांगलं मांडता आलं पाहिजे. आज मी जे वाचते, शिकवते, ज्या रीतीनं घरात आणि बाहेर वाद घालते, त्याच्या मुळाशी ही शिकवण आहे. दोघंही आता हयात नाहीत. त्यांचं देणं निदान मांडून ठेवावं, म्हणून हे लिहिते आहे.

वाईत न्याय, मीमांसा, धर्मशास्त्र हे शब्द लहानपणापासून कानांवर पडत. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा गावातच. मीमांसाकोश आणि धर्मकोश तिथले, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळं मराठी विश्वकोशाचं कामही वाईतूनच चालायचं. शास्त्रीबुवा या वातावरणात घडलेले. मधल्या आळीतल्या घरी सकाळची पूजा आटोपली की ते ओसरीवर येऊन बसत आणि जो येईल त्याला शिकवत. मॅट्रिकनंतरच्या सुट्टीत वडिलांनी मला त्यांच्याकडं पाठवलं. वडील पोस्टात नोकरीला होते, शास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. “वाद घालायची हौस आहे ना, मग तो कसा घालतात तेही शिकून घे,” एवढंच ते म्हणाले.

अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हे न्यायशास्त्रात शिरणाऱ्याचं पहिलं पुस्तक. सतराव्या शतकात मुद्दाम नवशिक्यांसाठी लिहिलेलं. बुवांकडची प्रत मुंबई संस्कृत ग्रंथमालेतली होती. यशवंत वासुदेव आठल्यांनी टिपांसह संपादलेली, महादेव राजाराम बोडसांच्या प्रस्तावनेसह 1897 साली निघालेली. खाकी कागदाचं वेष्टण, पानांच्या कडा पिवळ्या पडून ठिसूळ झालेल्या. मूळ ग्रंथ बुवांना तोंडपाठ होता, पण टिपा इंग्रजीत. ते माझ्यापुढं पुस्तक सरकवून विचारत, “काय म्हणतात आठल्ये?” मी वाचून मराठीत सांगायची. मध्येच माझं मत मिसळलं तर ते हात वर करत. “हे आठल्यांचं की तुझं?” माझं असेल तर बाजूला ठेवायचं, आधी आठल्यांचं पूर्ण करायचं. टिपांमध्ये पाश्चात्त्य तर्कशास्त्राशी तुलना येई. ती बुवा फार लक्ष देऊन ऐकत आणि तिकडच्या पंडिताचा मुद्दा पक्का कळेपर्यंत दोनदोनदा विचारत. आपल्या बाजूनं उत्तर द्यायची घाई त्यांना कधीच नसे.

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं विस्तव आहे. नैयायिकांचं हे ठरलेलं उदाहरण. दुसऱ्याला पटवायचं असेल तर त्याचे पाच अवयव मांडायचे: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. उदाहरणात स्वयंपाकघर येतं, कारण तिथं धूर आणि विस्तव एकत्र पाहिलेले असतात. मला हे सोपं वाटलं, तेव्हा बुवांनी गाडी उलटी फिरवली. “विस्तव आहे, म्हणून धूर आहे, असं म्हटलं तर?” चालेल, मी म्हटलं. “लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला गोळा बघ. विस्तव आहे. धूर कुठंय?” मग त्यांनी उपाधी समजावली. धूर विस्तवामुळं निघतो असं दिसतं खरं, पण त्याला ओलं सरपण लागतं. जिथं जिथं धूर तिथं तिथं ओलं सरपण असतंच. जिथं जिथं विस्तव तिथं मात्र ते असेलच असं नाही. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी, आणि ती सापडली की अनुमान कोसळतं.

ही एक कल्पना मला जन्माला पुरली आहे. इंग्रजी माध्यमातली मुलं पुढं जातात, असं कुणी ठामपणे सांगितलं की मी पहिल्यांदा ओलं सरपण शोधते: घरातली पुस्तकं, आईवडिलांचं शिक्षण, शिकवणीचे पैसे. वर्तमानपत्रातलं ‘यामुळं ते होतं’ हे वाक्य मला उपाधी तपासल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही.

वादाचे प्रकारही बुवांनी ओसरीवरच शिकवले. सत्य कळावं म्हणून दोघं बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची फक्त मोडतोड करायची, ती वितंडा. आम्हा विद्यार्थ्यांत आवाज चढले की बुवा आतून म्हणत, “जल्प झाला रे!” आणि मग चूक कुणाची हे न बघता दोघांनाही सुरुवातीपासून बोलायला लावत. त्यातही नियम असा की तिनं त्याची बाजू, म्हणजे पूर्वपक्ष, मांडायची आणि त्यानं तिची. ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं समोरच्यानं कबूल केल्याशिवाय उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर, सुरू करायची परवानगी नसे.

पुण्यात आले तेव्हा तर्कशास्त्राला कोपीचं पुस्तक होतं. विधानं, सत्यता-सारण्या, युक्तिवादाचे आकार. बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की आधारविधानं खोटी असली तरी युक्तिवाद वैध असू शकतो. मला ते पटेना. मी उठून विचारलं की मग उदाहरण कुठं गेलं? स्वयंपाकघर कुठंय? वर्गाला काही कळलं नाही. बाईंनी खडू माझ्या हातात दिला आणि पाच अवयव फळ्यावर लिहायला सांगितले. नंतर अर्धा तास त्या विचारत होत्या आणि मी सांगत होते. शेवटी त्यांनी वर्गासमोर दोन्ही बाजू मांडल्या. ॲरिस्टॉटलपासून आलेल्या परंपरेनं युक्तिवादाचा आकार आशयापासून सुटा केला. त्यातूनच पुढं गणिती तर्कशास्त्र उभं राहू शकलं, ही तिची मोठी कमाई. नैयायिकांसाठी अनुमान हे प्रमाण आहे, खरं ज्ञान मिळवण्याचं साधन. खोट्या आधारावर ते उभंच राहू शकत नाही, म्हणून त्यांनी आशय सोडला नाही आणि हेत्वाभासांचं, म्हणजे फसव्या हेतूंचं, बारकाईचं शास्त्र रचलं. “दोघं वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत,” बाई म्हणाल्या. “कोण पुढं होतं हे ठरवायच्या आधी प्रश्न कोणता होता ते बघ.”

त्या दिवसापासून बाई माझ्याकडून न्याय समजून घेऊ लागल्या आणि मी त्यांच्याकडून ह्यूम. ह्यूमनं 1739 मध्ये विचारलं होतं की आजवर असं घडलं, म्हणून उद्याही असंच घडेल याला आधार काय? बाई हे शिकवत होत्या आणि मला चार्वाक आठवत होते, कारण ‘जिथं धूर तिथं विस्तव’ ही व्याप्ती सर्व काळाची कळणारच कशी, हा त्यांचाही आक्षेप. नैयायिकांनी त्याला दिलेलं उत्तर मी बाईंना सांगितलं. उदयनाचार्य आणि पुढं गंगेश म्हणतात की संशयालाही सीमा असते. संशय घेणाऱ्याचं स्वतःचं वागणंच त्या संशयाला खोटं पाडू लागलं की तो थांबतो. धूर हवा असला की तोही विस्तवच पेटवतो, भूक लागली की जेवतोच. बाई हसल्या आणि त्यांनी ह्यूमचंच पुस्तक उघडलं. अभ्यासिकेतून उठून मित्रांबरोबर जेवलं, चार डाव खेळले की आपल्याच शंका आपल्याला थंड वाटू लागतात, असं तो प्रांजळपणे लिहितो. मिथिलेतला गंगेश चौदाव्या शतकातला, स्कॉटलंडचा ह्यूम अठराव्या. एकाला तिथं प्रश्नाचं उत्तर सापडलं, दुसऱ्याला फक्त माणसाचा स्वभाव दिसला. हा फरक बाईंनी मला कधी पुसू दिला नाही.

नीतिशास्त्र बाईंचा प्राण. कांटचा 1797 मधला एक छोटा लेख त्या दर वर्षी घेत. खुनी दारात आला आहे, आपल्या घरात लपलेल्या मित्राबद्दल विचारतो आहे. तरीही खोटं बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं कांट म्हणतो. वर्ग हसला. बाईंनी पुस्तक मिटलं. हसणाऱ्यांपैकी एकाला उभं केलं आणि म्हणाल्या, “आता तू कांट. आम्हाला पटव.” त्याला जमेना, तेव्हा त्यांनी स्वतःच कांटची बाजू घेतली. खोटं बोललास की पुढं जे होईल त्याचा धनी तू झालास. मित्र मागच्या दारानं निसटला असेल आणि तुझ्या खोट्यामुळंच तो खुन्याच्या वाटेत आला तर? आणि प्रत्येकानं सोयीनं खोटं बोलायचं ठरवलं, तर कुणाच्या शब्दावर कोण विसंबणार? वर्ग गप्प झाला. मग त्यांनी महाभारताच्या कर्णपर्वातला कौशिक आणला. नेहमी खरंच बोलायचं हे व्रत घेतलेला हा तपस्वी. लुटारूंनी विचारलं तेव्हा लपलेली माणसं कुठं आहेत ते त्यानं सांगून टाकलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो, तीही अर्जुन आपल्या प्रतिज्ञेपायी थोरल्या भावावर शस्त्र उचलायला निघालेला असताना.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात, सत्याच्या अपवादांचा हाच प्रश्न पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञांना समोर ठेवून चर्चिला आहे. बाईंनी ते प्रकरण आम्हाला वाचायला लावलं. पण ‘म्हणजे आपलेच बरोबर’ असं कुणी म्हटलं की त्या अडवत. कृष्णानं खोट्याची मुभा दिलेली नाही, त्यानं विवेकाचा भार अर्जुनावर टाकला आहे, असं त्यांचं म्हणणं. कांट तो भार नियमावर ठेवतो, कारण माणूस स्वतःला फसवण्यात तरबेज असतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे. दोघांची भीती खरी आहे, आणि जगताना आपल्याला दोन्ही सांभाळाव्या लागतात.

हे शिकणं माझ्या अंगावर आलं ते वडिलांच्या आजारपणात. पोटाचा कर्करोग. नातेवाइकांनी ठरवलं की त्यांना सांगायचं नाही. अल्सर आहे, बरा होईल, असं सगळे म्हणत होते. मी बाईंकडं गेले. त्यांनी सल्ला दिला नाही. सगळं ऐकून घेतल्यावर इतकंच विचारलं, “हे लपवून तुम्ही नेमकं कुणाला सांभाळताय?” परतीच्या एसटीत मी घरच्यांची बाजू मनातल्या मनात मांडून पाहिली, जशी बुवांनी शिकवली होती तशी, शक्य तितकी बळकट करून. धक्क्यानं ते खचतील. उरलेले दिवस काळजीत जातील. आशा हेही औषध आहे. हे सगळं खरं होतं. मग मी वडिलांची बाजू मांडू लागले आणि माझ्या ध्यानात आलं की या बाजूचं म्हणणं अजून कुणी विचारलेलंच नाही. मी त्यांना विचारलं, “अण्णा, तुमच्या दुखण्याबद्दल सगळं जाणून घ्यायचंय का तुम्हाला?” ते म्हणाले, “केव्हापासून वाट बघतोय, कुणीतरी विचारेल म्हणून.” मग मी सांगितलं. त्यांनी बँकेची कामं उरकली, धाकट्या भावाला बोलावून त्याच्याशी जुना अबोला मिटवला, आणि तीन गोष्टी मला लिहून घ्यायला लावल्या. बाईंचा तो प्रश्न नसता, तर हे दिवस त्यांना मिळाले नसते.

त्यानंतर बाई एकदा वाईला आल्या. बुवांना भेटायचं, एवढंच काम काढून. ओसरीवरच्या भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला गेलं होतं. गूळपाणी झालं, घाटावरच्या पाण्याची विचारपूस झाली आणि बुवांनी भिंतीकडं बोट दाखवलं. “बाई, तिथं घड्याळ नाही, हे आपल्याला कशानं कळलं?”

न्यायमतात अभाव हा स्वतंत्र पदार्थ आहे, आणि तो डोळ्यांनी दिसू शकतो. भाट्ट मीमांसकांच्या मते त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळंच प्रमाण लागतं. बाईंना हे दोन्ही चमत्कारिक वाटत होतं. त्या म्हणाल्या, “मला फक्त भिंत दिसते. घड्याळाची अपेक्षा माझ्या मनातली. ‘नाही’ हे जगात नसतं, ते माझ्या अपेक्षेत असतं.” अभाववाचक वस्तुस्थिती असतात असं सुचवलं तेव्हा हार्वर्डमध्ये केवढा गदारोळ उडाला होता, हे रसेलनं सांगितलंय, तेही त्यांनी सांगितलं. मी भाषांतर करत होते.

बुवांनी उत्तर दिलं नाही. ते म्हणाले, “आपलं म्हणणं आमच्याकडं प्राभाकर मीमांसकांनी मांडलंय. ते आणखी पुढं जातात.” आणि त्यांनी बाईंचा पक्ष बाईंपेक्षा नेटका मांडला: अभाव म्हणून वेगळं काही मानायची गरज नाही, केवळ भिंतीचं ज्ञान झालं की ‘घड्याळ नाही’ हा व्यवहार होतो, कमी पदार्थांत भागत असेल तर जास्त का मानायचे? बाई म्हणाल्या, “हो, अगदी हेच.” त्यानंतर बुवांनी विचारलं, “भिंत तर कालही दिसत होती, घड्याळ होतं तेव्हा. मग काल ‘नाही’ का वाटलं नाही?” “काल घड्याळासकट भिंत होती,” बाई म्हणाल्या, “आज केवळ भिंत आहे.” “हे ‘केवळ’ म्हणजे काय?” बुवांनी विचारलं. “घड्याळाचा अभाव सोडून त्याचा दुसरा काही अर्थ सांगता येतो का?”

बाई बराच वेळ विचार करत राहिल्या. मग त्यांनी सार्त्रचा आधार घेतला. 1943 च्या ग्रंथात तो कॅफेत मित्राला, पिएरला, शोधतो आणि त्याचं नसणं त्याला जणू समोर दिसतं; वेलिंग्टनही तिथं नाही, पण ते नसणं दिसत नाही, नुसतं विचारात येतं. “भिंतीवर हत्तीही नाही, शास्त्रीबुवा. तो नसल्याचं काही आम्हाला दिसत नाही. म्हणजे अपेक्षा आलीच ना?” बुवांचा चेहरा खुलला. “हे मान्य. ज्याचा अभाव, तो प्रतियोगी आधी मनात असल्याशिवाय अभावाचं ज्ञान होत नाही. ज्ञानाला आपली अपेक्षा लागते. पण ज्ञानाला जे लागतं ते वस्तूला लागतंच असं नाही.” बाईंनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. पुण्याला जाताना गाडीत त्या म्हणाल्या की त्यांचं मत बदललेलं नाही, पण आपलं मत काय आहे हे आज नीट कळलं.

आमच्या ओसरीवर जे घडलं ते महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे, आणि माझं देणं तिथपर्यंत पोचतं. अमळनेरला प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. तिथं कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारख्यांनी वेदान्त आणि कांट शेजारी शेजारी बसवून विचार केला. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली 1974 मध्ये मराठी तत्त्वज्ञान महाकोश तयार झाला. मराठीतून या विषयावर एकही वाक्य लिहिताना तो हाताशी लागतो. सुरेंद्र बारलिंगे यांनी भारतीय तर्कशास्त्राची आधुनिक ओळख करून दिली, मे. पुं. रेगे यांनी पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास मराठीत आणला. दया कृष्ण आणि रेगे यांच्या पुढाकारानं 1983 मध्ये पुण्यात रसेलचे सिद्धान्त संस्कृतात मांडून नैयायिक पंडितांपुढं ठेवले गेले. ‘संवाद’ या नावानं ती चर्चा 1991 मध्ये ग्रंथरूपानं आली. मी तो ग्रंथ वाचला तेव्हा ओळखीचं काही भेटल्यासारखं वाटलं, कारण त्याची रीत मला ठाऊक होती: आधी समोरच्याचं पुरतं ऐकायचं.

बुवा गेले, काही वर्षांनी बाईही गेल्या. न्यायात अभावाचे चार प्रकार सांगतात. वस्तू निर्माण होण्यापूर्वी असतो तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण अंत आहे. वस्तू नष्ट झाल्यावर येतो तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. उरलेले दोन अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव. हे मी पाठ केलं होतं, पण त्यातलं एक मला फार उशिरा उमगलं. त्यांची माझी ओळख होण्यापूर्वीही ते माझ्या आयुष्यात नव्हतेच. ते नसणं मला जाणवत नव्हतं, कारण काय नाही हेच ठाऊक नव्हतं. आज जाणवतं. त्यांचं नसणं कळण्याची पात्रतासुद्धा त्यांनीच दिलेली आहे.

असं ऋण कसं फेडायचं? कांटनं 1797 च्याच नीतिमीमांसेच्या ग्रंथात कृतज्ञतेला पवित्र कर्तव्य म्हटलं आहे. त्याच्या मते उपकार पुरते कधीच फिटत नाहीत, कारण ज्यानं पहिल्यांदा दिलं त्याचं पहिलेपण नंतरच्या कोणत्याही परतफेडीला हिरावता येत नाही. डब्ल्यू. डी. रॉसनं 1930 मध्ये मूलभूत कर्तव्यांच्या यादीत कृतज्ञतेला स्वतंत्र स्थान दिलं. आपल्याकडं तैत्तिरीय संहितेत माणूस जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. ऋषींचं ऋण अध्ययनानं फिटतं. म्हणजे ज्यांनी दिलं त्यांच्या हाती काही परत द्यायचं नाही. विद्या चालू ठेवायची, हीच परतफेड. कांट म्हणतो फिटत नाही, संहिता म्हणते फेडता येतं, आणि दोन्ही मला खरं वाटतं. पहिलेपण त्यांचंच राहील. पुढं चालवणं माझ्याकडं आहे.

म्हणून मी शिकवते. माझ्या वर्गात आस्तिक येतात, नास्तिक येतात, वेगवेगळ्या पक्षांचे, जातींचे, आपापल्या घरातून ठाम मतं घेऊन आलेले. दूरदर्शनच्या पडद्यावर रोज रात्री जल्प आणि वितंडा पाहून ही मुलं मोठी झाली आहेत, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्यासाठी माझा नियम एकच, ओसरीवरचा. ज्याच्याशी तुझं सगळ्यात कमी पटतं, त्याचा पक्ष तू मांड, आणि तो ‘हो’ म्हणेपर्यंत मांडत राहा. परवा दोन मुलांना त्यासाठी सबंध तास लागला. उत्तरपक्ष राहून गेला. आणखी एक तास मागायला ती माझ्याकडं आली. तो मी त्यांना दिला, आणि हे देणं ज्यांच्याकडून माझ्यापर्यंत आलं त्यांची नावं सांगून दिला.